पिवळा गोल

आमच्या घरात शंका आली की अंडं बाहेर जातं. हा सासूबाईंचा नियम, आणि लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तो मला शिकवला गेला. घराला लागूनच आमचं उबवणी केंद्र आहे. त्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत टेबलाला गोल भोक आहे, भोकाखाली दिवा. उबवायला ठेवलेली अंडी काही दिवसांनी त्या भोकावर धरून बघायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या तर पिल्लू धरलंय. अंडं परत ट्रेमध्ये. नुसतंच पिवळट उजळलं तर फोल. लाल कडं दिसलं तर आत जीव धरून गेलाय. ही दोन्ही बादलीत. आणि नीट काही कळलंच नाही, तरी बादलीतच. एखादं नासकं अंडं यंत्राच्या उबेत फुटलं तर अख्खा ट्रे हातचा जातो, म्हणून. सासूबाईंचं मनगट वळतं, "हं", ट्रे. मनगट वळतं, "छट्", बादली. मी बी.एस्सी. झालेली, तरी माझा हात अडायचा. "बघत काय बसलीस? ते काय तुझ्याशी बोलणार आहे?" असं त्या म्हणायच्या आणि मी हसायचे. तेव्हा हसू यायचं.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला आम्ही बटण म्हणतो. बटणला थॅलेसेमिया आहे, त्यातला मोठा प्रकार. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नाही. दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यायचं, आणि त्या रक्ताबरोबर अंगात साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध. तिच्या हातावरच्या शिरा आता दमल्यात. नर्स टिचक्या मारत, चोळत शीर शोधते, आणि बटण तिला सांगते, "गणित येणाऱ्या माणसाची पिशवी द्या हं. मागच्या वेळी दिलीत त्याला काही येत नव्हतं." नर्स हसते. मी बटणचा दुसरा हात धरलेला असतो, त्यामुळे तो हात किती घट्ट होतो ते मला कळतं. नर्सला नाही कळत.

हा आजार आई आणि बाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच होतो. एकाचकडून आली तर माणूस ठणठणीत असतो, फक्त ती प्रत पुढं देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात. मी वाहक आहे. माझा नवराही आहे. दोघंही. हा 'दोघंही' शब्द मी आमच्या घरात बसून, उभं राहून, कागदावर चित्र काढून सांगितला. पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत जाईतो त्यातला नवरा गळून पडायचा. "सुनेच्या माहेरचं आहे," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. आणि नवरा शेजारी बसून फोनवर काहीतरी बघत असायचा. तो खोटं कधीच बोलला नाही. तो नुसता गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याला सगळे समजूतदारपणा म्हणत राहिले.

दुसऱ्या मुलाचं मनात आलं तेव्हा बटणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भ बाहेर तयार करता येतात, पोटात ठेवण्याआधी तपासता येतात, आजार असलेले ठेवायचे नाहीत. मला पटलं. मला बटण नको झालेली नाही. मला ती सुई नको झाली आहे, आणि आणखी एका लेकराच्या हातावर ती टोचताना बघायची माझ्यात ताकद नाही. यावर कुणाला मला पाप-पुण्य शिकवायचं असेल तर त्यांनी आधी आमच्याबरोबर एक सकाळ त्या खाटेशेजारी बसावं.

घरी वाद होणार असं धरून मी परीक्षेसारखी तयारी केली होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दिव्यावर धरून बघणार. मग त्यात काय एवढं?"

झालं. एका वाक्यात परवानगी. मी इतकी खूश झाले की त्या वाक्यात काय आहे ते मला दिसलंच नाही.

सासूबाईंनी ती गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. अंडी न्यायला आलेले, पिल्लं न्यायला आलेले, समोरच्या शिलाईवाल्या काकू, सगळ्यांना. काकू तर टेप गळ्यात तशीच घेऊन आल्या.

"अगं, मग मुलगा का मुलगी तेही कळत असेल?"

"ते सांगत नाहीत काकू. आणि मला विचारायचंही नाही."

"एवढी उस्तवार करायची आणि मुद्द्याचं विचारायचंच नाही?" काकू सासूबाईंकडे बघून हसल्या. "शिकलेल्या पोरींचं आपल्याला काही कळत नाही बाई."

"आता विज्ञान कुठल्या कुठं गेलंय," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा हा दिवा असता, तर आज ही वेळच आली नसती."

'ही वेळ' त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून शुद्धलेखन लिहीत होती. बटणची पेन्सिल थांबली. मग परत चालू झाली.

त्या दिवशी दात घासताना, तोंडात फेस असतानाच ती मला म्हणाली, "आई, मी आत होते तेव्हा दिवा नव्हता?"

"नव्हता."

"असता तर आजीनं छट् केलं असतं?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. आरशातून ती माझ्याकडे बघत होती. "तेव्हा तू कोण आहेस हे कुणालाच माहीत नव्हतं," मी म्हणाले. "आता मला माहीत आहे. आता तुला कुणी हात तर लावून बघावा."

तिनं चूळ भरली. "म्हणजे हो," म्हणाली आणि टॉवेलला तोंड पुसून निघून गेली.

एका आठ वर्षांच्या पोरीला हा प्रश्न पडावा, आणि तोही घरच्यांच्या बोलण्यातून, याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मी सासूबाईंना जाऊन बोलले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी तिला काय बोलले? मी तर आजाराबद्दल बोलले," म्हणाल्या. दोन्हींत फरक आहे हे त्यांना मान्य होतं. तो मुलीसमोर बोलताना पाळायचा असतो, एवढंच त्यांना सुचलं नव्हतं.

मग गर्भ तपासण्याबद्दल एक व्याख्यान झालं. उपचार जिथं चालू होते त्या हॉस्पिटलनं जनजागृतीसाठी जवळच्या सभागृहात ठेवलं होतं. सासूबाई गल्लीतल्या बायका गोळा करून पुढच्या रांगेत बसल्या. बोलणारे डॉक्टर टापटीप होते, आवाज छान होता. पडद्यावर तीन गोल आले. हिरवा, लाल, पिवळा. "हिरवा म्हणजे निरोगी. लाल म्हणजे आजार. पिवळा म्हणजे वाहक, त्याबद्दल आपण प्रश्नोत्तरांत बोलू," असं म्हणून ते पुढं गेले. पुढं हसणाऱ्या बाळांचे फोटो होते, ते बरेच होते.

प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, उंची ठरवता येते का. एकीनं विचारलं, रंग. एक गृहस्थ उभे राहून प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण करून बसले. मी हात वर करून होते, पण माइक माझ्यापर्यंत आला नाही. मग आभार, टाळ्या, बाहेर बिस्किटं. सगळे जागृत होऊन घरी गेले. पिवळा गोल तसाच अधांतरी राहिला आणि ज्याला जो अर्थ लावायचा तो त्यानं लावून घेतला.

इंजेक्शनं मी घेतली. पोटावर, रोज, डाव्या-उजव्या बाजूला आलटूनपालटून, निळं पडेपर्यंत. गर्भ तयार झाले. बरेचसे लाल निघाले. एक हिरवा होता. तो ठेवला, पण धरला नाही. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही. उरला एक. पिवळा.

तिथल्या समुपदेशक बाईंनी मला खुर्ची ओढून समोर बसवलं. "हे बाळ वाहक असेल. म्हणजे अगदी तुमच्यासारखं. तुम्हाला काय त्रास होतो?"

"चिडचिड होते," मी म्हणाले.

"त्याचं खापर जनुकांवर फोडू नका." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "हा गर्भ चांगला आहे. आणि डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पुन्हा सगळं केलं तरी तुमच्या शरीरातून आता पुरेशी स्त्रीबीजं मिळतील असं वाटत नाही. आहे त्याला सांभाळू या."

डॉक्टरांनी तारीख दिली. गोळ्या चालू केल्या. गर्भ ठेवायच्या आधी नवरा-बायको दोघांची सही लागते. माझी मी तिथल्या तिथं केली.

घरी सांगितलं तर सासूबाई हातातलं काम ठेवून म्हणाल्या, "पिवळा? म्हणजे शंका आहे."

"शंका नाही, आई. मी आहे तसं ते बाळ होईल."

"मग त्याला हिरवा का नाही म्हणत?"

"कारण ते पुढं... मोठं झाल्यावर, त्याच्या लग्नाच्या वेळी फक्त तपासणी करायची."

"बघ. आहे ना काहीतरी?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "एवढं यंत्रात घालून बघायचं आणि शंकेचंच आत ठेवायचं? मग बघितलं कशाला? आपल्याकडं शंका आली की बाहेर."

त्या काही दुष्टपणानं बोलत नव्हत्या. तेच तर असह्य होतं. जन्मभर ज्या टेबलावर त्या उभ्या राहिल्या त्या टेबलावरून त्यांना जग जसं दिसत होतं तसं त्या सांगत होत्या, आणि जनजागृतीनं त्यांच्या हातात तीन रंगांचा आणखी झगझगीत दिवा दिला होता. चार दिवसांत गल्लीचंही मत झालं. काकू म्हणाल्या, "कापडात डाग दिसला तर आम्ही आधीच परत करतो बाई. शिवल्यावर बोलून काय उपयोग?" कालपरवापर्यंत यांना गर्भ हा शब्द मोठ्यानं उच्चारायची लाज वाटत होती. आता माझ्या पोटात काय जावं यावर सगळ्यांचा अभ्यास झाला होता.

नवरा रात्री म्हणाला, "आई म्हणतेय त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. अजून एकदा इंजेक्शनं घेऊ. पूर्ण चांगलं मिळालं तर?"

"घेऊ?"

"म्हणजे..."

"घेऊ म्हणे. त्यात तुझं पोट कुठं आहे?"

"तू लगेच चिडतेस."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? पुढच्या वेळी काही मिळणार नाही. हे एकच आहे. आणि पूर्ण चांगलं म्हणजे काय रे? तू कोण आहेस? तूही पिवळाच आहेस."

तो उठून खिडकी लावायला गेला. "हळू बोल," म्हणाला.

ते 'हळू बोल' माझ्या डोक्यात राहिलं. आठ वर्षं माझ्या माहेरचं नाव या घरात मोठ्यानं घेतलं गेलं, तेव्हा कुणाला खिडकी लावावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूसासऱ्यांना जेवायच्या टेबलावरच सांगितलं, याच्यात ती प्रत आहे म्हणजे तुम्हा दोघांपैकी एकात आहेच, एकदा रक्त तपासून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" सासरे पाण्याचा तांब्या पुढं ओढून जेवत राहिले. ते उबवणीची यंत्रं सांभाळतात आणि यंत्राच्या तापमानापलीकडं फारसं बोलत नाहीत. नवरा ताटात बघत होता. सही रोज उद्यावर जात होती. गर्भ ठेवायचा दिवस आला तरी ती झाली नव्हती. हॉस्पिटलातून फोन आला, "दुपारपर्यंत तुमचे मिस्टर येऊन सही करतील ना? नाहीतर आम्हाला थांबवावं लागेल. आणि मग या वेळचं सगळं वाया."

मी फोन ठेवला आणि सरळ अंधाऱ्या खोलीत गेले. सासूबाई टेबलाशी होत्या, नवरा ट्रे लावत होता. दिव्याचा उजेड सासूबाईंच्या हनुवटीपर्यंतच येत होता.

"आई, बादली कुठंय?"

"ही काय पायाशी. का?"

"मी बसते तिच्यात."

"काय बडबडतेयस सकाळी सकाळी?"

"मी वाहक आहे ना? शंकेचं आहे ना? मग बाहेर. आणि याला पण टाका." मी नवऱ्याकडे बोट केलं. "हा पण तसाच आहे. आठ वर्षं मी सांगतेय आणि तुम्हाला ऐकू येत नाही. विचारा त्याला. आज त्याच्या तोंडून ऐका."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं ट्रे खाली ठेवला. किती सावकाश ठेवला ते सांगता यायचं नाही. "हो आई," म्हणाला. "माझ्याकडूनही आलंय. आमच्या दोघांचं पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हापासून मला माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला?" मी म्हणाले. "मला काय वाटेल याचं माप काढलं होतंस कधी?"

तेवढ्यात मागून सासरे बोलले. ते दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "मी तपासून आलोय," म्हणाले. "परवा रिपोर्ट आला. माझं साफ आहे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. सासऱ्यांचं साफ असेल, तर नवऱ्याला ते कुणाकडून आलं याचं उत्तर एकच उरत होतं, आणि ते उत्तर हातात अंडं धरून दिव्याशी उभं होतं.

हाच क्षण मला हवा होता. किती वर्षं मी तो मनात रंगवला होता. सासूबाईंचं मनगट अर्धवट वळून थांबलं होतं. त्या दिवशी बटणची पेन्सिल थांबली होती, अगदी तसंच. आणि सासरे दारात उभे होते, आतून सुटल्यासारखे, जरा ताठच. पस्तीस वर्षांचा संसार, आणि बायकोजवळ जाऊन हळू सांगायचं सोडून हा माणूस दारातून सांगतो, माझं साफ आहे. माझा सगळा राग जागचा उठला आणि त्यांच्याकडे वळला.

"साफ म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे... नाहीये माझ्यात."

"मग नाहीये म्हणा. साफ काय? बाकीचे काय घाण आहोत? आई इतकी वर्षं या टेबलाशी उभ्या आहेत. कधी आडव्या पडलेल्या बघितल्यात? यांना तुम्ही डाग म्हणणार?"

"मी कुठं डाग म्हणालो?"

"साफ म्हणालात की तेच झालं."

सासूबाईंनी हातातलं अंडं भोकावर धरलं, फिरवलं. बघत मात्र नव्हत्या. "मला कळायला नको होतं?" त्या कुणाला तरी म्हणाल्या. "काही होत नाही का त्यानं? दुखत-खुपत?"

"नाही आई. काहीच होत नाही. माझ्यासारखंच."

"आणि ते जे बाळ आहे, ते पिवळं..."

"तुमच्यासारखं असेल."

त्यांनी ते अंडं ट्रेमध्ये ठेवलं. मग मुलाकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा झाला, अंडी मोजताना असतो तसा खणखणीत. "सही कधी करायचीय?"

"आज. दुपारपर्यंत."

"मग इथं काय उभा आहेस?"

माझी माफी त्यांनी मागितली नाही. मीही त्यांना जवळबिवळ घेतलं नाही. काकू येऊन विचारतील तेव्हा त्या काय सांगणार आहेत, मला माहीत नाही. सासऱ्यांना मात्र त्या जाता जाता म्हणाल्या, "साफ माणसानं ती बादली तेवढी साफ करून ठेवावी."

नवऱ्यानं गाडी चालवताना दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "आधी सही कर." त्यानं केली. माझ्यासमोर केली, आणि पेन परत देताना माझ्याकडे बघितलं. मला दया आली नाही. पुढं कधी येईल, तेव्हा बघू.

आत पाठीवर निजवलं तेव्हा तिथला तंत्रज्ञ उत्साहानं म्हणाला, "मॅडम, तिकडं पडद्यावर बघा. खालून उजेड दिलाय, फार छान दिसतंय."

मी डोळे मिटून घेतले. "बघून झालंय," म्हटलं. "ठेवा आता."

घरी आले तर बटण दारातच होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळं माहीत होतं.

"आजीनं छट् केलं?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

"'इथं काय उभा आहेस' म्हणाली."

"कुणाला? पप्पांना?"

"हो."

बटणनं थोडा विचार केला. "बरं केलं," म्हणाली, आणि माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, कारण मला आता जड उचलायचं नव्हतं.